ई८१० नेटवर्क कार्ड २५ गिगचं, पण वेग ८ च्या वर जाईना. एथटूल प्रत्येक ऑफलोडपुढे ‘फिक्स्ड’ दाखवतं

पंखा_फुल्ल_स्पीड (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

मशीन दोन सॉकेटचं, झिऑन. डेबियन १२, कर्नल ६.१. कार्ड इंटेल ई८१०-एक्सएक्सव्हीडीए२, २५ गिगचे दोन पोर्ट. स्विचपर्यंत ३ मीटरची डीएसी (थेट जोडायची तांब्याची) केबल, लिंक २५००० वर येते, एररचे काउंटर शून्य. यावर केव्हीएमचे दहा-बारा व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) चालवायचे आहेत.

कर्नलमधला या कार्डाचा ड्रायव्हर, ‘आइस’, जुना वाटला. म्हणून त्याच कर्नलच्या दुसऱ्या मशीनवर आइसचा नवा ड्रायव्हर कंपाइल केला, तयार झालेली ‘आइस.केओ’ इकडे आणून मॉड्यूलच्या अपडेट्स फोल्डरमध्ये ठेवली, डेपमॉड चालवलं आणि रीबूट केलं. ड्रायव्हर लोड होतो, आयपी मिळतो, पिंग जातो.

पण आयपर्फ३ (वेग मोजायचं टूल) वर ८ गिगच्या वर काही जात नाही. टॉप मध्ये एकच कोअर १०० टक्के, बाकीचे झोपलेले, आणि त्या कोअरवर के-सॉफ्टआयआरक्यूडी (पॅकेट हाताळणारा कर्नलचा थ्रेड). एथटूल (कार्डाच्या सेटिंग पाहायची-बदलायची कमांड) छोट्या ‘के’ने पाहिलं तर टीएसओ (मोठ्या गठ्ठ्याची पॅकेट कार्डानेच पाडणं) ऑफ, चेकसम (पॅकेटमधली चूक पकडणारा आकडा) ऑफ आणि पुढे चौकटी कंसात फिक्स्ड, म्हणजे बदलता येत नाही. मोठ्या ‘के’ने टीएसओ चालू करायला गेलो तर ‘कुड नॉट चेंज एनी डिव्हाइस फीचर्स’. मोठ्या ‘एल’ने चॅनल वाढवायला गेलो तर ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’. हार्डवेअर ऑफलोड, म्हणजे सीपीयूचं हे काम कार्डाकडे सोपवणं, चालू करायचं ते नक्की कुठे? बायोसमध्ये काही आहे का?

पॅकेट_पाटील

बायोस सोड. तुझं कार्ड सेफ मोडमध्ये आहे. हे टाइप कर आणि काय येतं ते वाच:

डीमेसेज | ग्रेप -आय आइस

‘द डीडीपी पॅकेज फाइल वॉज नॉट फाउंड ऑर कुड नॉट बी रेड. एंटरिंग सेफ मोड’ अशा अर्थाची ओळ दिसेल. तिच्या वर ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड... फेल्ड विथ एरर -२’ असेल. उणे २ म्हणजे फाइलच नाही.

ई८०० मालिकेच्या कार्डांचं जुन्या कार्डांपेक्षा वेगळं आहे. पॅकेट कसं उघडायचं, कुठला हेडर कुठे आहे, कुठल्या रांगेत टाकायचं हे सगळं कार्डात कायमचं कोरलेलं नसतं. ड्रायव्हर लोड होताना डीडीपी नावाचं पॅकेज डिस्कवरून उचलून कार्डात भरतो. ते मिळालं नाही तर कार्ड बंद पडत नाही, ही एक मेहेरबानी. ते एका रांगेवर, आरएसएसविना (म्हणजे पॅकेट वेगवेगळ्या कोअरवर न वाटता), टीएसओविना, चेकसमविना नुसतं पॅकेट आणतं-नेतं. म्हणून तुझा पिंग जातो आणि बाकी सगळं फिक्स्ड दिसतं. त्या अवस्थेत एथटूलच्या कितीही कमांड मार, ड्रायव्हरने त्या दारांना कुलूपच लावलेलं असतं.

तू फक्त केओ फाइल आणलीस, पॅकेज तिकडेच राहिलं. इंटेलच्या टारबॉलमध्ये डीडीपी नावाचं फोल्डर असतं. सोर्स फोल्डरमध्ये ‘मेक इन्स्टॉल’ केलं असतं तर त्यातली फाइल आपोआप इथे गेली असती:

/लिब/फर्मवेअर/अपडेट्स/इंटेल/आइस/डीडीपी/

आता हाताने कर. त्याच टारबॉलमधली आइस-१.३ ने सुरू होणारी पीकेजी फाइल वरच्या फोल्डरमध्ये ठेव आणि तिला ‘आइस.पीकेजी’ नावाची सिमलिंक दे. ड्रायव्हर आधी कार्डाचा सीरियल क्रमांक नावात असलेली फाइल शोधतो, ती नसली तर आइस.पीकेजी. दुसरं कुठलंही नाव त्याला कळत नाही, आणि लोकांचं अर्धं इथेच चुकतं: फाइल जागेवर असते पण नाव आवृत्तीसकट असतं.

मग ड्रायव्हर काढून घाल. आरडीएमएचं मॉड्यूल आइसवर बसलेलं असतं, त्यामुळे आधी आयआरडीएमए, मग आइस. उलटं केलंस तर ‘मॉड्यूल इज इन यूज’. आणि हे एसएसएचवरून याच कार्डातून करू नकोस, दोन्ही पोर्ट एकदम जातील. बीएमसीच्या (मदरबोर्डवरची रिमोट कंट्रोलची वेगळी चिप) कन्सोलवरून कर.

सगळं बरोबर असेल तर डीमेसेजमध्ये ‘डीडीपी पॅकेज वॉज सक्सेसफुली लोडेड: आइस ओएस डिफॉल्ट पॅकेज’ आणि पुढे आवृत्ती येते. त्यानंतर छोटा ‘के’ पुन्हा पाहा. टीएसओ, चेकसम, स्कॅटर-गॅदर सगळं आधीपासून ऑन असेल. साध्या ऑफलोडसाठी ‘चालू करायचं’ असं काही नसतंच, ते बंद का आहे हे शोधायचं असतं.

पंखा_फुल्ल_स्पीड

तंतोतंत. एरर -२ होता. फाइल ठेवली, सिमलिंक दिली, मॉड्यूल काढून घातलं, सक्सेसफुली लोडेड आलं. सगळं ऑन.

पण रीबूट केल्यावर परत सेफ मोड! हाताने मॉड्यूल काढून घातलं की चालतं, रीबूटला पुन्हा तेच. फाइल तर जागेवर आहे.

नोड_शून्य

इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरीत उघडणारी छोटी फाइलसिस्टम. बूट होताना आइस तिथूनच लोड होतो, तेव्हा खरी रूट डिस्क माउंट झालेली नसते. तुमची फाइल त्या डिस्कवर आहे, म्हणून ड्रायव्हरच्या दृष्टीने ती नाहीच. फाइल ठेवल्यावर हे करायचं राहिलं:

अपडेट-इनिटरॅमएफएस -यू
एलएसइनिटरॅमएफएस /बूट/इनिटआरडी.आयएमजी-(तुमचा कर्नल) | ग्रेप आइस

दुसऱ्या कमांडमध्ये आइस.केओ आणि आइस.पीकेजी दोन्ही दिसायला हवेत. सिमलिंक दिसते पण ती ज्या फाइलकडे बोट दाखवते ती दिसत नाही, असंही होऊ शकतं. दोन्ही मोजा. रेडहॅट घराण्यात हेच काम ड्राकट -एफ करतं.

आणि एक विचारतो, रागावू नका: बाहेरचा ड्रायव्हर हवाच कशाला? ६.१ मधला आइस या कार्डाला पुरेसा आहे. एथटूल -आय मध्ये व्हर्जनपुढे कर्नलचा आकडा दिसला तर ड्रायव्हर कर्नलमधला, १.१ किंवा १.२ अशा धाटणीचा आकडा दिसला तर बाहेरचा. मेक इन्स्टॉलने किंवा हाताने टाकलेला ड्रायव्हर त्या एका कर्नलपुरता असतो. उद्या सिक्युरिटी अपडेटने नवा कर्नल आला की मशीन गुपचूप कर्नलमधल्या ड्रायव्हरवर जाईल, आणि तुम्हाला कळेल ते महिन्याभराने. बाहेरचाच ठेवायचा असेल तर डीकेएमएसमध्ये (नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप कंपाइल करणारी यंत्रणा) घाला. सिक्युअर बूट चालू असेल तर सहीशिवाय मॉड्यूल लोड होणार नाही, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असा निरोप येतो. डीकेएमएसची चावी मोकयूटिल --इम्पोर्टने नोंदवायची, आणि पुढच्या बूटला जो निळा स्क्रीन येतो त्यावर ती मान्य करायची. तो स्क्रीन कन्सोललाच दिसतो आणि काही सेकंदांत निघून जातो.

माझं मत: कर्नलमधला वापरा, पॅकेज डेबियनच्या नॉन-फ्री-फर्मवेअर विभागातून घ्या.

पंखा_फुल्ल_स्पीड

पटलं. बाहेरचा काढून टाकला, पॅकेज रेपोमधून, इनिटरॅमएफएस नवा. रीबूटनंतरही नीट येतंय. आयपर्फ आता १७-१८ ला जातो, -पी ८ दिलं तरी तेवढाच. २३ पर्यंत जायला हवं ना?

नोड_शून्य

हो. एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० असताना प्रत्येक पॅकेट तारेवर १५३८ बाइट घेतं आणि त्यात खरा माल १४४८. म्हणजे २५ पैकी साडेतेवीसच्या आसपास, त्यावर मिळत नाही. एमटीयू ९००० केलं तर पावणेपंचवीस.

डेबियन १२ मधला आयपर्फ३ म्हणजे ३.१२. आयपर्फ३ ला ३.१६ पासून खरे थ्रेड आले. त्याआधी -पी ८ म्हणजे आठ कनेक्शन, पण हमाल एकच. दोन-तीन वेगवेगळ्या पोर्टवर वेगळे आयपर्फ३ चालवा आणि बेरीज करा.

दुसरं म्हणजे दोन सॉकेट. कार्ड कुठल्या सॉकेटला लागलंय ते पाहा:

कॅट /सिस/क्लास/नेट/ईएनएस१एफ०/डिव्हाइस/नुमा_नोड

१ आलं तर आयपर्फ नुमासीटीएल --सीपीयूनोडबाइंड=१ --मेमबाइंड=१ लावून चालवा. उलट्या सॉकेटवर चालणाऱ्या प्रोसेसला प्रत्येक बाइट दोन प्रोसेसरमधल्या दुव्यावरून ओढावा लागतो.

ऑफलोड इतकं महत्त्वाचं का, तेही आकड्यात पाहा. १५०० च्या एमटीयूला २५ गिग म्हणजे सेकंदाला सुमारे २० लाख पॅकेट. एकाच कोअरने प्रत्येक पॅकेट हाताळायचं तर त्याला एका पॅकेटमागे अर्धा मायक्रोसेकंद मिळतो, त्यात काही होत नाही. टीएसओ असलं की कर्नल ६४ केबीचा एकच गठ्ठा कार्डाला देतो आणि कार्ड त्याचे पंचेचाळीसेक तुकडे करून प्रत्येकाचा हेडर व चेकसम स्वतः लिहितं. येताना जीआरओ उलटं काम करतं, तुकडे जोडून गठ्ठा वर देतं, पण ते सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून पाठवण्यापेक्षा घेणाऱ्या बाजूचा कोअर आधी दमतो.

याचाच एक साइड इफेक्ट: टीसीपीडम्पमध्ये तुम्हाला ६४ केबीची पॅकेट आणि ‘चेकसम इनकरेक्ट’ दिसेल. बिघाड नाही तो. टीसीपीडम्प पॅकेट कार्डाकडे जाण्याआधी पकडतो, तेव्हा तुकडे झालेले नसतात आणि चेकसम भरलेला नसतो. यावरून घाबरून ऑफलोड बंद करणारे सल्ले नेटवर ढिगाने सापडतात.

केबल_टाय

स्लॉटही बघून घ्या राव. एलएसपीसीआय -व्हीव्ही मध्ये दोन ओळी असतात, लिंक कॅप आणि लिंक स्टेट. कॅप म्हणजे कार्डाची ऐपत, स्टेट म्हणजे स्लॉटने दिलेलं. हे कार्ड पीसीआय ४.० ची ८ लेन. पण रायझरच्या काही स्लॉटमध्ये आकार ८ चा आणि आत तारा ४ च. ३.० ची ४ लेन म्हणजे जेमतेम ३१ गिग, त्यात २५ चे दोन पोर्ट कसे मावणार? स्टेटमध्ये ‘डाउनग्रेडेड’ दिसलं तर कार्ड दुसऱ्या स्लॉटला.

रिंग (पॅकेट तात्पुरती ठेवायची रांग) पण. एथटूलच्या छोट्या ‘जी’ने बघा. आइसला येणाऱ्या बाजूला २०४८ आणि जाणाऱ्या बाजूला २५६ असं डिफॉल्ट असतं, मर्यादा ८१६०. झटक्यात येणाऱ्या ट्रॅफिकला पॅकेट ड्रॉप होत असतील तर येणारी ४०९६ करा. ड्रॉप नसतील तर हात लावू नका, मोठी रिंग म्हणजे कॅशमधून बाहेर जाणारी मेमरी.

आणि ३ मीटरच्या डीएसीला एफईसी (तारेवरच्या चुका दुरुस्त करायची पद्धत; आरएस, बेसआर हे तिचे प्रकार) दोन्ही टोकांना एकच असू दे. एथटूल --शो-एफईसी. स्विच आरएसवर आणि कार्ड बेसआरवर असेल तर लिंकच येत नाही, तुमची आली आहे म्हणजे ठीक. केबल बदलताना लक्षात ठेवा, ५ मीटरच्या डीएसीला आरएस लागतोच.

पंखा_फुल्ल_स्पीड

नुमा नोड १ होता, प्रोसेस ० वर चालत होती! बांधल्यावर दोन आयपर्फ मिळून २३.४. स्लॉट ठीक आहे.

आता खरा मुद्दा, व्हीएम. लिनक्स ब्रिजवर व्हर्टआयओ (व्हीएमला दिसणारं सॉफ्टवेअरमधलं नेटवर्क कार्ड) लावलेत. ‘एचडब्ल्यू-टीसी-ऑफलोड’ नावाचं एक फीचर ऑफ दिसतंय, ते ऑन केलं. काहीच फरक नाही, होस्टचे कोअर तेवढेच तापतात.

पॅकेट_पाटील

पडणारच नाही. तो नुसता परवाना आहे, काम नाही. टीसी फ्लॉवरचे (कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं ते सांगणारे कर्नलमधले) नियम कार्डात उतरवायला ड्रायव्हरला मुभा देतो, बस. तुझ्या लिनक्स ब्रिजवर असे नियम कोणी घालतच नाही. आणि व्हर्टआयओ व्हीएमचं पॅकेट होस्टच्या मेमरीतून, होस्टच्या सीपीयूनेच उचललं जातं, मग कार्ड काय डोंबल ऑफलोड करणार. हार्डवेअरमधून जायचं तर व्हीएमला व्हीएफ (कार्डाने काढून दिलेलं आभासी कार्ड) द्यावा लागतो, आणि ब्रिजच्या जागी ओपन व्हीस्विच (ओव्हीएस, सॉफ्टवेअरमधला स्विच).

आइसला हे ५.१६ पासून येतं, तुझा ६.१ आहे म्हणजे चालेल. आता क्रम पाळ, इथे क्रमच सगळं आहे. (या टप्प्यावर बायोस लागतो बरं का: व्हीटी-डी आणि एसआर-आयओव्ही दोन्ही ऑन, आणि कर्नलला इंटेल_आयओएमएमयू=ऑन.)

१. आधीचे व्हीएफ असतील तर शून्य कर:
एको ० > /सिस/क्लास/नेट/ईएनएस१एफ०/डिव्हाइस/एसआरआयओव्ही_नमव्हीएफएस

२. कार्डातला स्विच जागा कर:
डेव्हलिंक डेव्ह ईस्विच सेट पीसीआय/००००:१७:००.० मोड स्विचडेव्ह

३. आता व्हीएफ बनव, तोच एको, ० च्या जागी ८.

४. पीएफ (कार्डाचा खरा पोर्ट) आणि प्रत्येक रेप्रेझेंटरवर एचडब्ल्यू-टीसी-ऑफलोड ऑन. रेप्रेझेंटर म्हणजे प्रत्येक व्हीएफचा होस्टवर दिसणारा जुळा पोर्ट.

५. ओव्हीएस-व्हीएसकंट्रोल सेट ओपन_व्हीस्विच . अदर_कॉन्फिग:एचडब्ल्यू-ऑफलोड=ट्रू, आणि मग ओपनव्हीस्विच-स्विच सर्व्हिस रीस्टार्ट. रीस्टार्टशिवाय लागू होत नाही.

६. ब्रिजमध्ये पीएफ आणि रेप्रेझेंटर घाल. व्हीएफ नाही! व्हीएफ व्हीएमला जातो.

पायरी २ आणि ३ उलटी केलीस तर आइस सरळ नकार देतो: व्हीएफ बनलेले असताना मोड बदलत नाही. मेलानॉक्सच्या कार्डांचे लेख वाचून येणारे इथे अडकतात, तिकडे व्हीएफ आधी बनवून ड्रायव्हरपासून सोडवायचे आणि मग मोड बदलायचा अशी रीत आहे.

पीएफवर होस्टचा आयपी असेल तर तो ब्रिजवर हलवावा लागेल, नाहीतर पायरी ६ ला तुझं एसएसएच गेलं. परत सांगतो, कन्सोल.

तपासायचं असं. दोन व्हीएममध्ये ट्रॅफिक चालू ठेव आणि:

टीसी -एस फिल्टर शो डेव्ह (रेप्रेझेंटरचं नाव) इन्ग्रेस

नियमाखाली ‘इन_एचडब्ल्यू’ असेल तर कार्डात उतरला, ‘नॉट_इन_एचडब्ल्यू’ असेल तर होस्टवरच आहे. याहून सोपी खूण: रेप्रेझेंटरवर टीसीपीडम्प लाव. फ्लोचं पहिलं-दुसरं पॅकेट दिसून पुढे गप्प झाला, पण आयपर्फ चालूच आहे, तर काम फत्ते. धो-धो पॅकेट दिसत राहिली तर ऑफलोड झालेलं नाही.

नियम का उतरत नाही हे ओव्हीएस सांगत नाही, तो मुकाट्याने सॉफ्टवेअरवर पडतो. अशा वेळी तोच नियम हाताने टीसी फ्लॉवरने ‘स्किप_एसडब्ल्यू’ लावून घाल. मग कार्डाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं, आणि नाही म्हणालं तर कारण बहुतेकदा त्या एररमध्ये किंवा डीमेसेजमध्ये येतं.

किंमतही ऐक: व्हीएफ दिलेला व्हीएम चालू अवस्थेत दुसऱ्या होस्टवर सरळ हलवता येत नाही. बारापैकी ज्या दोन-तीन व्हीएमचं ट्रॅफिक खरंच जड आहे त्यांनाच व्हीएफ दे. बाकीच्यांना व्हर्टआयओ ठीक आहे, टीएसओ आणि चेकसमचा फायदा त्यांनाही मिळतोच.

केबल_टाय

जाता जाता: या कार्डाच्या फर्मवेअरमध्ये स्वतःचा एलएलडीपी (शेजारच्या उपकरणांना आपली ओळख सांगणारा प्रोटोकॉल) एजंट असतो. तो चालू असेल तर एलएलडीपीच्या फ्रेम कार्डातच गिळल्या जातात, होस्टवरच्या एलएलडीपीडीला शेजारी कोण ते कधीच कळत नाही. एथटूल --सेट-प्रायव्ह-फ्लॅग्स ईएनएस१एफ० एफडब्ल्यू-एलएलडीपी-एजंट ऑफ.

पंखा_फुल्ल_स्पीड

तीन व्हीएमना व्हीएफ दिले, इन_एचडब्ल्यू दिसलं, टीसीपीडम्प दोन पॅकेटनंतर गप्प. होस्टचे कोअर थंड.

शेवटचं एक. रिंगचा आकार रीबूटनंतर टिकावा म्हणून /इटीसी/सिस्टमडी/नेटवर्क मध्ये १०-आइस.लिंक फाइल केली. मॅचमध्ये पर्मनंट मॅक पत्ता, लिंकमध्ये आरएक्सबफरसाइझ=४०९६. रिंग झाली, पण ईएनएस१एफ० चं नाव ईटीएच० झालं आणि नेटवर्क उठलंच नाही!

नोड_शून्य

लिंक फाइलींमध्ये पहिली जुळलेली एकच लागू होते, त्या एकमेकींत मिसळत नाहीत. तुमची १० नंबरची जुळली, त्यामुळे ९९-डिफॉल्ट.लिंक वाचलीच गेली नाही, आणि ईएनएस वगैरे नावं देणारं धोरण तिच्यात असतं. तुमच्या फाइलच्या लिंक विभागात ही ओळ घाला:

नेमपॉलिसी=कीप कर्नल डेटाबेस ऑनबोर्ड स्लॉट पाथ

किंवा नावाचा प्रश्न कायमचा मिटवायला नेम=अपलिंक० असं स्वतःचं नाव द्या आणि इंटरफेसेस फाइलमध्ये तेच वापरा. मी दुसरा मार्ग घेईन. ड्रायव्हर किंवा कर्नल बदलला की याच कार्डाचं नाव ईएनएस१एफ० वरून ईएनएस१एफ०एनपी० होऊ शकतं, कारण नवा ड्रायव्हर पोर्टचं नाव वेगळं कळवतो आणि सिस्टमडी ते शेपटीला जोडतं.

फाइल बदलल्यावर अपडेट-इनिटरॅमएफएस -यू विसरू नका. लिंक फाइलींची प्रतही तिथेच असते आणि नाव तिथेच ठरतं.

पंखा_फुल्ल_स्पीड

अपलिंक० केलं. दोनदा रीबूट करून पाहिलं, नाव, रिंग, डीडीपी तिन्ही जागेवर. व्हीएफ मात्र रीबूटला शून्य होतात. पायरी १ ते ४ साठी सिस्टमडीचं वनशॉट (बूटला एकदाच चालणारं) युनिट लिहितोय, ओव्हीएसच्या आधी चालेल असं. इतकंच पुरे ना?

पॅकेट_पाटील

पुरे. फक्त बिफोर= मध्ये लिबव्हर्टडी.सर्व्हिस पण घाल. व्हीएफ बनायच्या आत व्हीएम ऑटोस्टार्ट झाला तर त्याला पीसीआय डिव्हाइस सापडणार नाही आणि तो बंदच राहील.